काठीच्या मापाचा ट्रॅक्टर

जुना ट्रॅक्टर बघायला निघताना माझ्या आईने सोबत एक बांबूची काठी घेतली. आमच्या रानातून बांबू खाली आणायची जी वाट आहे, तिच्यावर एका ठिकाणी ऐनाची दोन झाडं समोरासमोर उभी आहेत. त्यांच्यामधून जेवढं निघेल तेवढंच खाली येतं. आईने दोन्ही बुंध्यांमधलं अंतर काठीने मोजलं, दोन्ही अंगांना वीतभर जागा सोडली आणि कोयत्याच्या एका घावात काठी तोडली.

"ह्या काठीपेक्षा रुंद आसंल तो आपल्या कामाचा नाय," ती म्हणाली. "मग कोनी फुकट का देईना."

"एक ऐन तोडला तर?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे नुसतं बघितलं आणि काठी उचलून चालायला लागली.

माझ्या आईचं नाव लंकाबाई. हरसूलच्या पुढे डोंगराच्या अंगाला आमचा पाडा आहे आणि तिथे आमची तीन एकर जमीन. खाली ओहोळाला लागून भाताची खाचरं, त्याच्या वर नागलीचा थोडा माळ आणि बाकी सगळं रान. साग, ऐन, हिरडा, पाच-सहा आंबे आणि आईने लावलेली बांबूची बेटं. बांबू ती एकटीने लावला, असं म्हटलं तरी चालेल. गिरणाऱ्याकडचे टोमॅटोवाले शेतकरी दरवर्षी झाडांना आधार द्यायला बांबू नेतात. त्यांचा टेम्पो डांबरी रस्त्यावर थांबतो. रस्ता खाली, बेटं वर, मध्ये उतार.

हे मधलं अंतर आमच्याकडे बैल पार करायचे. मोळ्या साखळीने बांधायच्या आणि जोडीने ओढत खाली आणायच्या. दोन वर्षांपूर्वी पावसाळा संपता संपता त्यातला एक बैल गेला. उरलेला एकटा ओढेना. नवा जोडीदार त्याला लावून पाहिला, तर दोघांचं पटेना. मग आईबाबांनी बांबू डोक्यावर आणायला सुरुवात केली आणि एका सकाळी बाबा मोळीसकट घसरले. गुडघा सुजला, सूज उतरली, पण तो पूर्वीसारखा झाला नाही. मी देवळाली कॅम्पात एका रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला आहे. रविवारी घरी गेले तेव्हा बाबा ओट्यावर पाय लांब करून बसले होते आणि आई एकटीच मोळी घेऊन खाली येत होती. त्या दिवशी जेवताना आईने सांगितलं, "ट्रॅक्टर घ्यायचा. जुना, बारका."

बाबांचं नाव पुंजा. ते म्हणाले, "घ्यायचाच तर मोठा घेऊ."

ट्रॅक्टर चालवायचं बाबांना चांगलं येतं, हे इथे सांगायला हवं. पाड्यात त्यांना अजूनही काही जण ड्रायव्हर म्हणतात. पण गेली कित्येक वर्षं ते कुठल्याही ट्रॅक्टरवर बसले नव्हते.

पहिल्यांदा आम्ही तिघं ओझरच्या पुढे हायवेला लागून असलेल्या एका जुन्या ट्रॅक्टरांच्या अड्ड्यावर गेलो. कुंपणाच्या आत वीस-पंचवीस ट्रॅक्टर ओळीने उभे होते, सगळे धुऊन, टायरांना काळं पॉलिश लावून. पांढऱ्या शर्टातला एक माणूस पुढे आला आणि बाबांचा हात धरून त्यांना सरळ एका लाल, उंच ट्रॅक्टरकडे घेऊन गेला. बाबांना तो आवडला. ते लपवायला गेले तरी चेहऱ्यावर दिसत होतं. गुडघा सांभाळत ते वर चढले, सेल्फ मारला आणि डोळे मिटून बसले. इंजिन ऐकताना ते असेच बसतात.

इकडे आईने काठी काढली. पुढच्या चाकांच्या समोर धरली, मग मागे जाऊन मागच्या चाकांना लावली. दोन्हीकडे चाकं काठीच्या बाहेर हातभर आली. शेजारी उभे असलेले दोघं-तिघं हसायला लागले.

"मावशी, कपडा घ्यायला आल्या का?" पांढरा शर्टवाला म्हणाला.

"कपडा घेताना तर मापच नाय घेत आमी," आई म्हणाली. "डोळ्यानंच कळतंय."

तोवर बाबांनी इंजिन बंद केलं होतं. ते सावकाश खाली उतरले. "रंग नवा हाय, आवाज जुना हाय," एवढंच बोलले. त्या माणसाने विचारलं, "दादा, ड्रायव्हर होतात का? कुठं चालवला?" बाबा म्हणाले, "द्राक्षात." आणि ते फाटकाकडे चालायला लागले.

दुसरा ट्रॅक्टर इगतपुरीच्या बाजूला घोटीजवळ बघितला. तो काठीत बसला. मालक भला माणूस होता, भाताचा शेतकरी. पण त्या ट्रॅक्टरने सगळं आयुष्य गुडघाभर चिखलात काढलं होतं. बाबांनी मागच्या पेटीचा बोल्ट सैल केला तर तेलाऐवजी दुधाच्या चहासारखं काहीतरी बाहेर आलं. पाणी आत गेलेलं होतं. मालक स्वतःच म्हणाला, "राहू द्या, तुम्ही लांबून आलात, फसवत नाही." आम्ही त्याच्याकडे जेवून निघालो. नंतर त्र्यंबकचा एक बघितला, त्याची मागची लिफ्ट वजन उचलून धरत नव्हती, हळूहळू खाली बसत होती. असे दोन महिने गेले. बांबू तोडायचे दिवस जवळ आले.

मग एका दुपारी लॅबमधल्या एका बाईंनी मला मोबाइलवर एक फोटो पाठवला. त्यांच्या माहेरी, दिंडोरी तालुक्यात, कुणीतरी बाग तोडली होती आणि बागेतला बारका ट्रॅक्टर विकायला काढला होता. फोर बाय फोर, अरुंद, द्राक्षाच्या दोन ओळींमधून फिरायला बनवलेला. फोटो उघडला आणि माझा हात थांबला. निळं बोनेट, उजव्या दिव्याच्या खाली चेपलेला पत्रा. तो ट्रॅक्टर मी ओळखत होते. लहानपणी त्याच्या मागच्या पत्र्यावर बसून मी शाळेच्या फाट्यापर्यंत जायचे.

आमच्या भागातली माणसं दिवाळीच्या आधी द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे जातात. जोडीने ठरवतात, नवरा-बायको. मळ्यातल्या खोलीत राहायचं, माल निघेपर्यंत काम करायचं, पावसाळ्याला घरी यायचं. आईबाबांनी एकाच घरी दहाच्या वर हंगाम काढले. आई छाटणीला, विरळणीला, माल काढायला असायची आणि बाबा ट्रॅक्टरवर. औषध मारायचं काम त्यांचंच होतं. मालक म्हातारे होते, त्यांना सगळे नाना म्हणायचे. त्यांचा मुलगा धनराज सगळा कारभार बघायचा.

नोटबंदी झाली त्याच्या आदल्या वर्षीच्या दिवाळीची गोष्ट. तेव्हा मी नववीत होते. छाटणीनंतर रोज औषध चालू होतं आणि टाकीतलं डिझेल हिशोबापेक्षा जास्त संपायला लागलं. रोज थोडं थोडं. एका संध्याकाळी धनराज मजुरांच्या खोल्यांसमोर आला आणि सगळ्यांच्या देखत ओरडला, "पुंजा, डिझेल कुठं विकतोस ते सांग." बाबा म्हणाले, "मी नाय विकत." तो म्हणाला, "मग ट्रॅक्टर पितो का?" काही जण हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही भांडीकुंडी घेऊन एसटीच्या थांब्यावर होतो. नंतर त्या भागात त्यांना कुणी ड्रायव्हर म्हणून ठेवलं नाही, कारण ती गोष्ट आमच्या आधी तिथे पोचलेली असायची. त्यामुळेच आईने घरच्या रानात बांबू लावायला घेतला होता.

रविवारी मी फोटो आईला दाखवला. बाबांनीही बघितला.

"दुसरा कोनताबी चालंल," ते म्हणाले. "ह्यो नको."

दोन दिवसांनी आईने सरळ त्यांना सांगितलं, "मी बघून येते. इंजिनाचा काय दोष हाय त्याच्यात? तुमाला इचारल्याशिवाय घेनार नाय."

बाबा म्हणाले, "जा." पण स्वतः आले नाहीत.

यंत्र बघायला बाबा नसतील तर जाणतं माणूस पाहिजे होतं. दिंडोरीच्या रस्त्यावर लहानू मिस्त्रींचं गॅरेज आहे. त्या भागातले निम्मे ट्रॅक्टर त्यांच्याकडेच येतात. मी त्यांना फोन केला, मालकाचं नाव काही सांगितलं नाही, फक्त गाव सांगितलं. ते स्वतःच्या मोटारसायकलने येऊन थांबले. आई आणि मी स्कूटीवर गेलो. काठी आईने मागे बसून मांडीवर आडवी धरली होती आणि समोरून गाडी आली की ती उभी करत होती.

बाग खरंच तोडलेली होती. जिथे मांडव होता तिथे उघडं रान आणि कडेला लोखंडी अँगलचा ढीग, त्यावर तारांची भेंडोळी. दोन वर्षं ऐन माल तयार असताना गारपीट झाली, तिसऱ्या वर्षी धनराजने बागच काढली, असं नंतर कळलं. तो आता पंचेचाळिशीचा असेल. केस पिकले होते. त्याने आईला लगेच ओळखलं.

"लंकाबाई? तुम्ही?" तो म्हणाला. पूर्वी तो आईला तू म्हणायचा.

"ट्रॅक्टर बघाया आले," आई म्हणाली.

तो जरा गोंधळला, मग शेडचं दार उघडलं. आईने आधी काठी लावली. पुढून बसली, मागूनही बसली, दोन्ही बाजूंना बोटभर जागा राहिली. मग तिने टायर दाबून बघितले, खाली वाकून पुढच्या चाकांकडे जाणारा दांडा बघितला. औषधाने खालचा पत्रा खाल्ला होता, काही ठिकाणी मोरचुदाचा हिरवट डाग तसाच होता.

"वरचा लोखंडी दांडा कुठं हाय?" तिने विचारलं. ट्रॅक्टर उलटला तर चालवणारा खाली चिरडू नये म्हणून सीटमागे उंच कमान असते, ती म्हणत होती.

"मांडवाला अडकायची, म्हणून काढून ठेवली. आहे मागं पडलेली."

"ती पायजे. आमच्याकडं उतार हाय."

लहानू मिस्त्री तोवर कामाला लागले होते. त्यांनी सेल्फ मारला, धूर बघितला, औषध मारायच्या ब्लोअरला फिरवणारा मागचा शाफ्ट चालू करून बघितला, लिफ्टवर आम्हा दोघींना उभं करून ती खाली बसते का ते बघितलं. लिफ्ट बसली नाही. इंजिन बंद करून थोडा वेळ थांबले, मग ऑइलची पट्टी बाहेर काढली, बोटांत तेल चोळलं, वास घेतला.

"ठीक आहे," ते म्हणाले. "बाई, हा माझ्या हातून गेलेला ट्रॅक्टर आहे. आत्ता बोनेट उघडल्यावर ओळखला."

"म्हंजे इंजिन खोललेलं हाय?" आईने विचारलं. जुन्या ट्रॅक्टरबद्दल हा प्रश्न विचारायचाच, असं बाबांनी तिला पहिल्याच वेळी शिकवलं होतं.

"खोललंय एकदा. पण चांगलं बांधलंय, काळजी नको. ह्याचा फीड पंप गेला होता, टाकीतून डिझेल पुढं ढकलतो तो. त्याच्यातला रबराचा पडदा फाटला की डिझेल बाहेर सांडत नाही, आतल्या आत ऑइलमध्ये उतरतं. बाहेर थेंब दिसत नाही. टाकी रिकामी होते आणि ऑइल पातळ होत जातं. असं तीन-चार महिने चाललं असेल, मग बेअरिंगं वाजायला लागली तेव्हा माझ्याकडे आणला." ते हसत धनराजकडे वळले. "तेव्हा म्हटलं होतं ना तुम्हाला, चोर घरातच आहे म्हणून?"

धनराज वाकून टायरला लागलेली माती काढायला लागला.

आईने विचारलं, "कोनत्या साली?"

"नोटबंदी झाली त्याच वर्षी, पण आधी. माल काढणी चालू होती, तुमची घाई होती, मला चांगलं आठवतंय."

माल काढणी म्हणजे फेब्रुवारी. बाबांना त्याच्या आधीच्या दिवाळीच्या सुमाराला काढलं होतं. मी आईकडे बघितलं. ती ट्रॅक्टरच्या चाकावर हात ठेवून उभी होती आणि तिचा हात तसाच राहिला. लहानू मिस्त्रींना काहीच माहीत नव्हतं. आमचे चेहरे बघून ते हात पुसत बाहेर गेले.

"म्हंजे तुमाला कळलं व्हतं," आई म्हणाली.

धनराजने बाहेर अँगलच्या ढिगाकडे बघितलं. "कळलं होतं," तो म्हणाला. "नाना म्हणाले, गेला तो माणूस, आता काय उकरून काढायचं. मलाही वाटलं, हंगाम संपल्यावर जाऊ. मग नाही झालं जाणं."

"नऊ वर्सं नाय झालं जानं?"

तो शेडच्या दाराची कडी चाळवत राहिला.

मला वाटलं, आई आता ओरडेल किंवा रडेल किंवा माझा हात धरून निघेल. मी तर स्कूटीची किल्ली हातात घेतली होती. माझ्या मनात जे चाललं होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण आईने पदराने हात पुसले, पुन्हा एकदा ट्रॅक्टरभोवती फिरली आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"ट्रॅक्टर चांगला हाय," ती म्हणाली. "आमाला पायजे तसा हाय. काय किंमत करायची ती मिस्त्री सांगतील तशी करू, मी घासाघीस करनार नाय. पन मी इथून नेनार नाय. तुमी आनून द्यायचा, आमच्या दारात. आन जे सगळ्यांच्या म्होरं मोठ्यानं बोलले व्हते, ते आमच्या दारात मोठ्यानं मागं घ्यायचं. हे जमत नसंल तर ऱ्हाऊ द्या. ट्रॅक्टर दुसरा मिळंल."

"लंकाबाई, मी..."

"आत्ता नका सांगू. इचार करा."

परतीच्या वाटेवर गिरणाऱ्याला चहाला थांबलो तेव्हा तिने अर्धा चहा बशीत ओतला. बशीतला प्यायली, कपातला तसाच ठेवला.

घरी पोचलो तेव्हा अजून उजेड होता. बाबा ओट्यावर कोयत्याला धार लावत होते. आईने चप्पल काढायच्या आधी त्यांना सगळं सांगितलं, जसं घडलं तसं, लहानू मिस्त्रींचा शब्द न शब्द. बाबांनी कोयता खाली ठेवला.

मला वाटलं होतं, ते धनराजला शिव्या देतील. त्यांनी विचारलं, "ऑइल पातळ झालं व्हतं म्हनला?"

"हां. डिझेल उतरत व्हतं त्यात."

"म्हंजे पट्टीवर ऑइल वाढलं आसंल." ते स्वतःशीच बोलत होते. "मी रोज सकाळी पट्टी काढून बघायचो. रोज. कमी नाय ना, एवढंच बघायचो. वाढलंय, हे डोक्यातच आलं नाय माझ्या."

"तुमची काय चूक त्यात?" मी म्हणाले. जरा जोरातच म्हणाले.

"चूक नाय गं. पन दिसाया पायजे व्हतं." आणि मग ते उठून बैलाला पाणी दाखवायला गेले. बराच वेळ आले नाहीत. आई म्हणाली, जाऊ नको मागं.

पुढच्या रविवारी धनराज आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. आईने त्र्यंबकच्या माणसाला फोन करून विचारलं, लिफ्ट दुरुस्त केली का. मला वाटलं, संपला विषय.

तो आला एका मंगळवारी. मी नेमकी सुट्टीवर होते. सकाळी निघून स्वतः ट्रॅक्टर चालवत आला होता, घाटाच्या वळणांनी, अंगावर धूळ घेऊन. मागे सुतळीने ती लोखंडी कमान बांधलेली होती. असा अरुंद ट्रॅक्टर आमच्या पाड्यात कुणी पाहिलेला नव्हता, त्यामुळे आवाज ऐकून माणसं आपोआप जमली. आईला कुणाला बोलवावं लागलं नाही.

बाबा दारात उभे राहिले. धनराज खाली उतरला, टोपी काढली आणि त्यांच्याजवळ जाऊन हळू आवाजात काहीतरी बोलला.

"ऐकू नाय आलं," आई म्हणाली.

त्याचा चेहरा लाल झाला. मग तो मागे वळला आणि जमलेल्या माणसांकडे तोंड करून म्हणाला, "मी ह्यांच्यावर डिझेलचा आळ घेतला होता. तो खोटा होता. यंत्राचा दोष होता. मला नंतर कळलं, तरी मी आलो नाही. ती माझी चूक आहे."

जमलेल्यांतल्या कित्येकांना ही गोष्ट माहीतही नव्हती, काहींना चांगली माहीत होती. धनराज बाबांच्या पायाशी वाकायला लागला तेव्हा बाबांनी त्याला दंडाला धरून वर घेतलं.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "बसा. लांबून आलाय. चहा घ्या."

चहा झाला. धनराजने आईला विचारलं की द्राक्षाच्या जागी आता काय लावावं, आणि आई म्हणाली, ते तुमचं तुम्हाला कळतं. लगेच सगळं गोड झालं असं काही नाही. पण बाबांनी त्याला रान दाखवायला नेलं आणि ट्रॅक्टर त्याच्याकडूनच वाटेवर चढवून घेतला. ऐनांच्या मधून तो अलगद गेला. वरच्या बेटांच्या आधी जिथे उतार तिरका होतो, तिथे मागचं चाक सरकलं आणि सगळे ओरडले. धनराजने जागीच थांबवला.

बाबा लंगडत तिथपर्यंत गेले, चाकाखाली बघितलं, दगडाने एक रेघ ओढली. "ह्याच्या वर ट्रॅक्टर जानार नाय," त्यांनी सांगितलं. "वरचा बांबू इथपत्तुर हातानं आनायचा. चाकं उलटी बसवून बाहेर काढली तर बूड जरा रुंद होईल, पन मग ऐनातून निघनार नाय. त्यापेक्षा रेघ बरी."

एवढं पक्कं सांगितलं म्हणजे ट्रॅक्टर घ्यायचा ठरला, हे आम्हाला कळलं. धनराज दुपारच्या एसटीने परत गेला. ट्रॅक्टर आमच्या नावावर व्हायला पुढे महिना लागला.

कमान त्र्यंबकच्या वर्कशॉपमधून नीट बसवून आणली. पण बाबा सीटवर बसले नाहीत. आईने विचारलं, तेव्हा म्हणाले, "त्याच्यावर बसलो की मला औषधाचा वास येतोय. आता औषध नाय त्याच्यात, माहीत हाय. तरी येतो. तू चालव."

"मला कुठं येतंय?"

"शिकवतो की."

आणि आई शिकली. पन्नाशी ओलांडलेली बाई भाताच्या रिकाम्या खाचरात रोज सकाळी ट्रॅक्टर गोल गोल फिरवायची आणि बाबा बांधावरून ओरडायचे, "क्लच हळू सोड, क्लच!" पहिल्या आठवड्यात तिने बांध फोडला. दुसऱ्या आठवड्यात ती त्यांच्यावर ओरडायला लागली, मग बाबा बांधावरून उठून घरात जाऊन बसले, म्हणून तिला त्यांची समजूत काढायला लागली. संक्रांतीपर्यंत ती रेघेपर्यंत जाऊन वळवून खाली यायला लागली. बाबा पुढे चालत, वाटेतले दगड बाजूला करत. टेम्पोवाला म्हणाला, यंदा तुमचा बांबू लवकर आला. शेजारच्या मैनाकाकूंनी त्यांची नागलीची पोती रस्त्यापर्यंत नेऊन द्यायला सांगितलं, मग आणखी दोघांनी.

मागच्या माघात आईला थंडी-ताप आला. मी रक्त घेऊन लॅबमध्ये तपासलं, मलेरिया नव्हता, पण तिला उठवत नव्हतं. टोमॅटोवाल्याचा टेम्पो खाली रस्त्यावर येऊन थांबलेला आणि अर्धा बांबू अजून रेघेजवळ पडलेला. पाड्यात ट्रॅक्टर चालवणारं दुसरं कुणी नव्हतं. मी आईच्या उशाशी बसले होते. बाहेर सेल्फ मारल्याचा आवाज आला, मग थोडा वेळ इंजिन नुसतंच चालू राहिलं, मग गियर पडला.

आईने डोळे उघडले. "पुजे, कोन हाय?"

"बाबा."

ती कुशीवर वळली आणि झोपली.

बाबांनी तीन खेपा केल्या. टेम्पो भरून गेला, मग ट्रॅक्टर शेडखाली लावून ते आत आले, हातपाय धुतले आणि आईच्या खाटेजवळ पाटावर बसले. घामाने शर्ट ओला झाला होता.

"क्लच झिजलाय, लय वर धरतोय," ते म्हणाले. "तू सारखा पाय ठेवून चालवतीस त्याच्यावर. लहानूला दाखवाया पायजे."